सरांचा शेवटचा इंटरव्ह्यू

तसं नाही मॅडम, हरिश्चंद्र सर गेले, तुम्ही त्यांच्यावर फिल्म काढताय, मग माझंही घ्या की — आठ वर्षं त्यांच्या तोंडाला मेकअप मीच केलाय. केबिन रोडला हे पार्लर आत्ताचं, तेव्हा मी चॅनलमध्ये होते. मोठा माणूस, मंत्र्यांना घाम फोडायचा — टीव्हीवर, हां. माझा भाऊ समाधान मुर्ध्याला राहायचा, मिठागराच्या कडेला. दोन हजार सहाला एका पुढाऱ्यानं बिल्डिंगसाठी तिथली घरं पाडली, त्यात त्याचं गेलं. सरांना तिकडे मीच घेऊन गेले. शूटिंग केलं, वहिनीला म्हणाले, दाखवतो. दाखवलं? तीन महिने काही नाही.

मग तोच पुढारी इंटरव्ह्यूला आला. मेकअप रूममध्ये दोघं शेजारी, मी सरांच्या कपाळाला स्पंज लावतेय, आणि तो विचारतो, मुर्ध्याचं काही काढणार नाही ना? सर हसले. "छे हो, तुम्ही बसा तर खरं." माझ्यासमोर! माझा मोबाइल पावडरच्या डब्यामागे, रेकॉर्डिंग चालू — आधीच लावून ठेवलेलं, कबूल. शूटिंग सुरू व्हायच्या आत मी रिक्षा पकडून दुसऱ्या चॅनलच्या ऑफिसात. त्यांनी शनिवारी संध्याकाळी वाजवलं, अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. रविवारी दाखवायचा इंटरव्ह्यू रद्द, सोमवारी सर घरी. पंचवीस वर्षांचं नाव, एका रात्रीत साफ. पेढे वाटले मी, अख्ख्या गल्लीत.

इंटरव्ह्यूत काय होतं? इंटरव्ह्यूत… विचारलं होतं त्यांनी. सगळं. वहिनीचं शूटिंग त्याच्या समोर लावलं, जमिनीचे कागद काढले — तीन महिने तेच जमवत होते म्हणे — पुढारी माइक उपटून उठून गेला. त्याला खुर्चीत बसवायलाच गोड बोलले होते. कॅमेरामन नाथानं सांगितलं मला. चॅनलनं टेप दाबली, पुढारी निवडून आला, समाधान बायकोपोरांना घेऊन लातूरला परत गेला.

नाथानं कधी सांगितलं? शनिवारी. दुपारी… हो, वाजवायच्या आधी. एक फोन केला असता तर थांबलं असतं, माहितीये मला, मोबाइल हातातच होता. पण मॅडम, आठ वर्षांत त्या माणसानं मला राजश्री म्हणून हाक मारली नाही. ए पावडर, इकडे ये. मुर्ध्याला पण, पाडलेल्या घरासमोर — "ए पावडर, बाईंना जरा रडत बसव, फ्रेम चांगली येईल." आणि मी बसवलं. माझ्या वहिनीला, खांद्याला धरून, मी बसवलं. समाधान बघत होता. त्या दिवशीच ठरवलं, ह्याला सोडायचं नाही. नाही सोडलं. पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही, लिहून घ्या.

कुणाला सांगितलं हे? समाधानला?

…नाही. त्याला नाही माहीत. तो अजून सरांनाच शिव्या घालतो, दर फोनवर. मी हो हो म्हणते.

हे रेकॉर्डिंग पुसून टाका. सगळं पुसा, माझ्यासमोर. आणि निघा मॅडम, मला काही बोलायचं नाहीये.