उकळी येईपर्यंत

...हसा, हसा, म्हातारा खुर्चीतून उठतोय काय, बसतोय काय, पुन्हा उठतोय काय, घरात पाहुणे आलेत त्याची लाज नाही, पण तुम्हाला सांगतो, मला थांबताच येत नाही, कारण आत चहाचं आधण ठेवलंय आणि उकळी येईपर्यंत मी अशी ऊठ-बस करायची हा आमच्या घरचा कायदा आहे, आणि कायदा केला कोणी, तर माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईने. डॉक्टरीण म्हणजे व्यायाम करून घेणारी, सुई-बिई नाही. नातीच्या वयाची पोर. पण डोकं... थांबा, दम घेतो, सांगतो.

तिचं म्हणणं, म्हातारी माणसं खोटारडी असतात. असं म्हणत नाही ती, गोड विचारते, "आजोबा, घरी केले का व्यायाम?" आपण म्हणतो, "केले की." ती गुडघा वाकवून बघते आणि नुसती हसते. गुडघा चुगली करतो हो. मग तिने शक्कल लढवली. म्हणाली, व्यायाम विसरता ना, चहा विसरता का? नाही. मग आधण ठेवलं की खुर्चीत बसा, हात न टेकता उठा, बसा, उठा, उकळी आली की सुटलात. औषध नाही, यंत्र नाही. आम्हा काही गुडघेवाल्यांवर तिने हे करून बघितलं, मोजमापं घेतली आणि त्याचं पोस्टर करून निघाली परिषदेला. छोटासा अभ्यास, म्हणजे मोठ्या अभ्यासाची रंगीत तालीम. तिथल्या परीक्षक मॅडमनी मान हलवली तर मोठा अभ्यास पदरात, नाही तर पोर परत शेकाच्या खोलीत, जन्मभर लोकांच्या पाठी शेकत.

दुपारी स्टेजवर व्यायाम करून दाखवायला एक गुडघा हवा होता, म्हणून मला नेलं. सोबत आमची ही, कारण मला एकट्याला कुठे सोडणं धोक्याचं, यावर घरात सगळ्यांचं एकमत. आणि दारातच पोरीने मला काय सांगितलं? "आजोबा, पोस्टरजवळ तोंड उघडायचं नाही हं. त्यावरचा कुठला ठिपका कुठल्या रुग्णाचा हे मी कोणाला सांगत नसते, नियम आहे." तोंड उघडायचं नाही. मला. माशाला सांगा, पोहू नको म्हणून.

काय तो हॉल... फळ्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक फळ्यावर कोणाच्या तरी रात्रंदिवसाच्या मेहनतीचा कागद, आणि समोर नव्या बुटांनी पाय चावलेली पोरं उभी, घामाघूम. बिल्ला माझ्याही गळ्यात. पांढरे केस, अंगात मुलाचा कोट, एक टायवाला येऊन अदबीने विचारतो, "सर, आपलं क्षेत्र?" म्हटलं, "गुडघा." "वा वा. त्यात विशेष काही?" म्हटलं, "डावा." त्याने लिहून घेतलं हो... आता म्हणाल, तोंड उघडलंत. पोस्टरपासून लांब होतो, नियमात बसतं.

पोरीला जागा मिळालेली स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी. जाणारा घाईत, येणारा ओल्या हातांनी. थांबतो कोण? पण पोर ताठ उभी. एकाने हात झटकत नॅपकिन मागितला, तर नॅपकिन हातात ठेवता ठेवता अभ्यासाची दोन वाक्यंही त्याच्या गळ्यात मारली तिने. मनात म्हटलं, ही माझ्या जातकुळीची आहे.

पोस्टरवर मधोमध एक चौकोन, त्यात ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक गुडघेवाला, जितका वर तितका गुडघा सुधारलेला. सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत, थोडे थोडे वर चढलेले, आणि एकच पार वर, छताला चिकटलेल्या फुग्यासारखा. मी लगेच ओळखलं. बाकीच्यांना मी रोज बघतो, त्यातला एकही फुगा व्हायच्या लायकीचा नाही.

आल्या मॅडम. जाड चष्मा, हातात पेन, मागे पोरीचे सर. सगळं वाचलं आणि पेन टेकवलं नेमकं फुग्यावर. "हे काय?"

"एक रुग्ण, मॅडम."

"मोजताना चूक झाली असेल."

"पुन्हा पुन्हा मोजलं. तेवढंच येतं."

मागून सर खाकरले. "तो ठिपका काढूनच टाक म्हटलं होतं मी, मॅडम. बाकीचे कसे छान रांगेत बसतात."

काढूनच टाक. मला. चौकोनातून. जिभेच्या टोकावर काय काय आलं म्हणता... आणि मला काय सांगितलेलं? तोंड उघडायचं नाही.

पोर मात्र बोलली. "नाही मॅडम. तो माणूस आला, त्याने व्यायाम केला, मी मोजलं. माझ्या रांगेत बसत नाही म्हणून त्याला बाहेर नाही काढणार. तो एवढा वर का, मला माहीत नाही. खाली तसं लिहिलंय." आणि खरंच, खाली छापलेलं, कारण माहीत नाही. तुम्हाला सांगतो, एवढ्या शिकलेल्या लोकांत 'माहीत नाही' असं छापून भिंतीवर लावणारी ही एकटी. मी शाळेत तेच म्हणायचो तर छड्या मिळायच्या.

मॅडमचं पेन हवेत. पोरीचा मोठा अभ्यास त्या पेनाच्या टोकावर लटकलेला. मागे एक खुर्ची होती. मी बसलो. हात न टेकता उठलो. बसलो, उठलो, बसलो, उठलो, शिवणाच्या मशीनसारखा. तोंड मात्र बंद. मॅडम फुग्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "हेच का ते?"

"मी सांगू शकत नाही, मॅडम," म्हणत पोर छताकडे बघायला लागली. धन्य तिची, तेव्हाही नियम मोडला नाही.

पण आमच्या हिला कोणी कुठे सांगितलं होतं, तोंड उघडायचं नाही म्हणून? मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, म्हणते कशी, "अहो मॅडम, यांचं जास्त होणारच. मी गॅस बारीक करते ना."

"म्हणजे?"

"हे घरात मोकळे फिरले की साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवतात. खुर्चीत असले की घर शांत. म्हणून आधण ठेवायचं आणि गॅस अगदी मिणमिणता. माझी भाजी निवडून होते, चिरून होते, मग उकळी."

आता बोला. आयुष्यभर सगळ्यांना गंडवत आलो, आणि मला वाटायचं, आमचं पातेलंच जाड आहे.

पोरीने कपाळावर हात मारला. "उकळी येईपर्यंत असंच सांगितलं मी सगळ्यांना. आच किती, विचारलंच नाही." मॅडमनी चष्मा काढला, डोळे पुसले, हसून पुसले हो, आणि म्हणाल्या, "मग आता विचार. मोठा अभ्यास कर, आच मोजून कर. आणि हा ठिपका सांभाळून ठेव." सर म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

पोर शेजारच्या दाराआड जाऊन मनसोक्त रडली, तेवढी जागा सोयीची. बाहेर आली ती माझ्यापुढे उभी. "आजोबा, तोंड उघडलं नाहीत तुम्ही." नाही उघडलं, पोरी. तुझ्यासाठी.

पण झालं काय, आता आमच्या हिच्यामागे शास्त्र उभं राहिलं. आधी चोरून बारीक करायची, आता माझ्या डोळ्यांदेखत करते, आणि बोलायला गेलो की म्हणते, "अभ्यास चालू आहे, तोंड उघडायचं नाही." अगं, झाला का चहा? पाहुणे ताटकळलेत... ऐकलंत? बुडबुडेसुद्धा नाहीत म्हणते. त्या कोपऱ्यात खुर्च्या आहेत, ओढा एकेक. आणि उठताना हात टेकायचे नाहीत.