काचेवरचा डाग

न्हाय न्हाय, हात नका लावू, फोटूची काच वली हाय अजून. मी उजेडाकडं धरतो, तुमी नुसतं बघा. दिसला चेहरा? काळाकुट्ट, व्हय की न्हाय? दचकू नका हुसेनसाब, तुमचीच काच हाय — तुमच्या सोयरिकीसाठी अक्कलकोटला मुलीवाल्यांकडं धाडायला काढलेली. काचंवर सगळं उलटंच उमटतं. गोरा माणूस हबशी दिसतो, आन माझ्यासारखा हबशी गोरापान.

बसा की. घाई कसली? चार वर्सांमागं मीबी असाच बसलो हुतो तुमच्या ओसरीवर — जाहिदाला मागणी घालायला. तुमच्या अम्मी राजी हुत्या. जाहिदाबी राजी हुती, पडद्याआडनं स्वतः व्हय म्हणली. आन तुमी, तिचा सख्खा भाऊ, तुमी काय म्हणला? मला न्हाय, अख्ख्या बाळीवेशीला सांगत सुटला — शेखलालचा आजा निजामाच्या घोडदळातला हबशी, ह्येंचं रक्त गरम, एका बाईवर भागत न्हाय ह्येंचं, आज निकाह आन उद्या पाठीवर चाबूक. मी ओ? पेन्सिल घेऊन काचंवरच्या लोकांच्या सुरकुत्या पुसत बसणारा माणूस मी!

मग दिली तिला त्या गोऱ्या कारकुनाला. लई सभ्य. दर ईदेला घेऊन येतो हितं, फोटूला. आता ही दुसरी काच बघा — जाहिदाच हाय. डोळ्याखाली पांढरा ठिपका दिसतो? पांढरा न्हाय त्यो, काळानिळा हाय. सांगितलं की, उलटं उमटतं. मागल्या दोन ईदेला तिचा नवरा म्हणला, जरा साफ करा — आन मी केलं. व्हय, मीच, ह्याच हातानं, तिची आब्रू जाऊ नये म्हणून. तिनं वर बघितलंसुदिक न्हाय. तवापासनं अन्न गोड लागत न्हाय मला — जाऊ द्या, ते तुमाला कशाला सांगू?

यंदाचा डाग पुसला न्हाय.

शुक्रवारी अक्कलकोटचा माणूस फोटू न्यायला येतोय. तवर जाहिदा अम्मीपाशी कायमची आली, तर तुमचा फोटू देतो, पायजे तेवढा गोरा करून. न्हाय आली, तर त्येच्या हातात हिचा ठेवतो. सांगतो, ही नवरदेवाची बहीण — हबशापासनं वाचवलेली.

उठा आता. उजेड अडवताय.