सगळ्या बऱ्या झाल्या

चारुता : गेल्या पंधरा दिवसांत झोप न लागण्याचा त्रास किती दिवस झाला, शांतीमावशी?

शांती : नाय झाला. शून्य लिवा.

चारुता : प्रश्न संपायच्या आत शून्य? बरं. उदास वाटणं, रडू येणं?

शांती : त्येबी शून्य. जरा थांब हां बाय, सुकटीवर कावला बसलाय. हाड्! मेल्या, तुलाच घालते वाळत! हां, विचार.

चारुता : तुमचा कल्पेश बोटीवरून पडून गेला त्याला दीड वर्ष झालं. आरोग्य केंद्रातली समुपदेशक कीर्ती पहिल्यांदा तुमच्याशी बोलली तेव्हा त्रासाचा आकडा एकोणीस होता. सहा गुरुवार तिच्यापाशी बोलत बसलात, गेल्या मोजणीत शून्य आणि आजही शून्य. मला खरंच बरं वाटतंय हो.

शांती : मंग झालं तर. चा ठेवू?

चारुता : नको, पनवेल गाठायचंय. एकच प्रश्न उरलाय. पुन्हा त्रास झाला तर कुठं जाल?

शांती : कुटं म्हंजे? कीर्तीबायकडं. गुरवारी.

चारुता : मावशी, कीर्तीला गेल्याच महिन्यात काढलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

शांती : काढली? अशी कशी काढली? आकडा उतरला तर तिला ठेवतील, नर्सबाय बोलली होती ना!

चारुता : आकडे उतरले म्हणूनच काढलं. गेल्या मोजणीत तुमच्या कोळीवाड्यातल्या आठही जणी बऱ्या झालेल्या निघाल्या. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, आता तिथं तिचं काय काम?

शांती : अगं, आमी नळावर ठरवलं होतं. आठीजणींनी. पोरीचं काम जाऊ नये म्हनून सगल्यांनी शून्य सांगायचं.

चारुता : म्हणजे झोप...

शांती : कुटली झोप! तिनं शिकवलेलं, जीव घाबरला की समोरच्या पाच वस्तू मोज. मोजते की. पाचवी कल्पेशची चप्पलच येते. ते तिला तरी सांगायची. घरात कल्पेशचं नाव काढलं की त्याचा बापूस उठून जातो.

(चारुता कागदावरचा आकडा खोडू लागते.)

चारुता : खरं सांगा मावशी. खरं लिहिते.

शांती : खरं लिवल्यावर ती येल?

चारुता : नाही. प्रकल्पच बंद झालाय. मी शेवटची मोजणी करायला आले.

शांती : मंग नको खोडू. पोरीनं आमाला बरं केलं, येवडं तरी कागदावर ऱ्हाऊ दे.