चढावरचे दोन कॅन

माझ्या ताकदीचं कौतुक पुरे करा रे. लाज वाटते, पण आज सांगूनच टाकतो.

फुल कॉन्टॅक्ट कराटेत बरगडीवर लाथ बसली की मी दोन पावलं मागे जायचो. स्पर्धा तोंडावर आलेली. आमचे सर म्हणाले, "जिमची मशीनं सोड. हातात वजन घे आणि चढणीवर चाल. पाय जमिनीला चिकटले पाहिजेत."

मये गावात आमचं घर चढावर आणि विहीर खाली. मी वीस लिटरचे दोन कॅन पाण्याने भरले, मोबाईलवर वेळ लावली आणि सुटलो. विहीर ते अंगण, अंगण ते विहीर. रिकामे कॅन घेऊन उतरलो तर व्यायाम कसला? म्हणून भरलेलेच परत खाली आणत होतो.

सहाव्या फेरीला पुढे आई दिसली. कमरेवर कळशी घेऊन चढत होती. वाट अरुंद. मी ओरडलो, "आई, बाजूक सर! टायम जाता माझो!"

ती कडेच्या गटारात पाय टाकून उभी राहिली. म्हणाली, "जा, जा. सांबाळून."

दहा फेऱ्या झाल्यावर दोन्ही कॅन मी विहिरीजवळच्या माडाला ओतले, रिकामे हलवत घरी आलो आणि न्हाणीतला नळ सोडला. कोरडा.

"आई, पाणी नाही?"

"सकाळपासून नळाक थेंब नाय," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली. "मगाशी कळशी हाडली, ती तुझ्याचसाठी तापत घातलंय. न्हा आधी. दमलंस रे पुता."