फाटकात उतरलेला पेशंट

जरा सरकून जवळ बसा मायबाप, कोल्हापूरच्या एका दवाखान्यातली गोष्ट सांगतो. राजमतीकाकू हातात जपमाळ घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढं नवऱ्याला घेऊन आलेली राधानगरीची आक्का खिडकीतल्या आदितीशी भांडत होती.

“आक्का, अँब्युलन्सचे पैसे योजनेतून मिळणार नाहीत. पेशंट चालत आल्याची नोंद आहे.”

“आमचं मालक फाटकातच गाडीतनं उतरलं की! झोपवून नेलं तर गावात मेला म्हणतील, म्हणालं.”

“मग मी काय करू?”

“दवाखान्यांनी अँब्युलन्सला द्यायची वर्गणी थांबवलीया. योजनेचंबी बुडलं तर गुंडू ड्रायव्हरची गाडी बंद! गावात दुसरी हाय व्हय?”

“उतरताना कुणी बघितलं?”

“मी, फाटकातनं आत येताना,” काकू पुढं झाल्या. “नाकातली नळी स्वतः उपसून उतरले. सही कुठं करू?”

“इथं करा.”

“काकू,” आक्का म्हणाली, “आमच्या मालकांचं मी बघते. जपाला बसलात की गुंडूची तेवढी आठवण ठेवा.”