शिट्टी झाल्यावर मारलेला चेंडू

मंडळी, बसून घ्या. दाराशी उभे आहेत त्यांनीही सरकून जागा करा. माणसं उभी दिसली की मला वाटतं, आता ही निघून जातील आणि माझं बोलणं अर्धं राहील. मला बोलता येत नाही. चौथीतून शाळा सुटली, त्यानंतर चारचौघांसमोर तोंड उघडायची वेळच आली नाही. भाभी, तुम्ही पडद्याआड बसल्या आहात. ऐकू येतंय ना? येत नसलं तर सांगा, मी आणखी मोठ्यानं बोलतो.

मी किसन. नव्या पोरांसाठी सांगतो. आपल्या हिंगोलीच्या हॉकी टीममध्ये उस्मान गोलात असायचा आणि त्याच्या पुढं मी, फुलबॅक. मला पाठीमागं डोळे नव्हते, उस्मानचा आवाज होता. "किस्नू, बायें! किस्नू, बाजू हट, मेरे कू दिखता नै!" तो आवाज परवा आपण मातीत ठेवून आलो.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. बोलतो. आधी गोडच बोलतो. मग मला दुसरं बोलायचंय. ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते पुढच्या खुर्चीवर हार मांडीवर घेऊन बसले आहेत. त्यांनी मधेच उठून जाऊ नये, एवढी विनंती.

उस्माननं गोलकीपर कसे घडवले? पडक्या तबेल्यामागच्या मैदानात. गोलाच्या दोन्ही खांबांना बैलाचे दोन कासरे बांधायचा. त्यांची टोकं पुढं नेऊन, जिथून चेंडू मारायचा, तिथल्या एकाच खुंटीला आवळायचा. मग पोराला खांबांच्या मधोमध उभं करायचा. "हात फैला. रस्सी लगती क्या?" न्हाई, उस्ताद. "मतलब दोनो तरफ दरवाजा खुल्ला है. अब आगे आ." पोरगं एकेक पाऊल पुढं यायचं, कासरे जवळ जवळ यायचे आणि एका जागी दोन्ही खांद्यांना घासायचे. "अब बोल, गेंद किधर से जाती?" पोरगं डोळे फाडून बघत राहायचं. मागं सरलं तर गोल मोठा होतो, पुढं आलं तर लहान होतो. भीती वाटली तरी पुढंच यायचं. हे त्यानं कुठं वाचलं नव्हतं, वर्षानुवर्षं गोल खाऊन तो शिकला होता.

मग डोळे. समोर बसून मूठभर सरकी पोराच्या तोंडावर फेकायचा. पापणी लवली की पुन्हा. पुन्हा लवली की पुन्हा. आया भांडायला यायच्या. "उस्मानभाई, लेकराचे डोळे फोडता का?" हा म्हणायचा, "बाई, बंद आँख पैले फूटती."

आणि लाथ. चेंडू पॅडवर अडवला की लगेच बाजूला मारायचा, कधीच समोर नाही. समोर मारला की त्याची शिवी ठरलेली. "सामने मारा? मेहमान कू फिर से थाली परोसी तूने! और क्या देता, पान?" पोरं हसायची. हसता हसता शिकायची.

आपण हॉकीचा वर्ल्ड कप जिंकलो ते रेडिओवर ऐकलं, आठवतं? सगळा मोहल्ला नाचत होता. हा एकटा रेडिओला कान लावून विचारत होता, "अरे, गोल में कौन था, वो तो बोलो!"

झालं. गोड बोलून झालं.

पोरांनो, उस्ताद खोक्यावर बसून शिकवायचे. तुम्हाला वाटलं असेल, वय झालं म्हणून. नाही. मी सांगतो काहून. जरा पाणी द्या.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीची, निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. आम्ही जवान होतो. कळमनुरीची टीम आली होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे हे पुढच्या खुर्चीवरचे दिगंबरराव. तेव्हा दिगू. फटका असा की चेंडू दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा. पण त्या दिवशी एकही आत गेला नाही. उस्मान पुढं यायचा, अडवायचा, बाजूला मारायचा. दिगंबरराव मारायचे, हा अडवायचा. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "दिगू, घरी जाऊन म्हशी हाण!" ते हसणं यांना सोसलं नाही.

चेंडू कुणाच्या तरी पायाला लागला. पंचांनी शिट्टी वाजवली. खेळ थांबला. मंडळी, खेळ थांबला होता, हे ध्यानात ठेवा. उस्मानच्या पॅडचा पट्टा सुटला होता. तो एक गुडघा टेकून पट्टा बांधायला बसला. पॅड बाजूला फिरलेलं, दुसरा गुडघा उघडा. मी त्याच्याकडं पाठ करून उभा होतो. दिगंबररावांच्या फटक्याचा तो आवाज माझ्या बाजूनं गेला.

गुडघ्याची वाटी फुटली. हे म्हणाले, "शिट्टी ऐकू आली न्हाई."

गावकुसाच्या बाहेर धुणं धुणाऱ्या बायांना ऐकू आली होती. यांना न्हाई आली.

तो पाय पुन्हा वाकला नाही. उस्मान नमाजाला बाजूला बसायचा, पाय लांब करून. लग्नात नवरदेव काठी टेकत आला. भाभी, तुम्हाला वाईट वाटत असेल तर मी थांबतो. नाही? मग बोलतो.

मी त्याला किती वेळा म्हणालो, बदला घेऊ. दिगू नाक्यावरच्या ढाब्यावर येतो, दोन पोरं बरोबर घेऊ. तो हसायचा. "लेंगे ना बदला. उनका गोल नै होने देना." मी म्हणायचो, हा काय बदला? माझ्या छातीत तेव्हापासून जे जळून राहिलंय ते असल्या बदल्यानं विझत नाही. आजही विझलेलं नाही. कुणाला वाटत असेल, म्हातारा झाला, आता सोडून द्यावं. म्हातारा झालो म्हणूनच घाई आहे. 

आता पुढचं ऐका. गेली काही वर्षं उस्मान बाजाराच्या दिवशी एसटीनं कळमनुरीला जायचा. कशाला? म्हणे, तिथली पानं चांगली. संध्याकाळी हात हलवत परत. "उस्मान, पानं कुठं हायेत?" "अरे, खतम हो गये थे." दर बाजारी पानं संपतात? मला नाही नाही त्या शंका. एकदा तर मी तोंडावर विचारलं, "दुसरं घर केलं का रे तिकडं?" भाभी, माफ करा. तो इतका हसला की खोकला लागला. "किस्नू, एक घर में पाँव नै मुडता, दूसरे में क्या करूं?"

परवा कळलं. मयतीला एक अनोळखी तरणा गडी आला. हमसून हमसून रडला. खांदा दिला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. कबरस्तानाच्या बाहेर मी विचारलं, "बाबा, तू कोणाचा?"

म्हणाला, "मी वसंता. कळमनुरीच्या डेपोत मेकॅनिक हाय. दिगंबररावांचा पोरगा."

माझा हात वर गेला. खरं सांगतो, मयतीच्या दिवशी, कबरस्तानाच्या दारात हात वर गेला. तो तसाच उभा राहिला. पापणीही लवली नाही. तेव्हाच मी ओळखलं, याच्या तोंडावर सरकी कुणी फेकली ते.

"उस्तादांनी शिकवलं तुला?"

"व्हय काका. डेपोच्या मागं. दोर बांधून."

"बापाला ठाव हाय?"

"न्हाई. उस्ताद म्हणले, सांगू नको."

"काहून?"

"म्हणले, तुझ्या बापाला लाज वाटंल."

दिगंबरराव, मागं वळून बघू नका. तो तिथंच बसलाय, खिडकीपाशी. तुम्हाला वाटलं, पोरगं आपल्या रक्तानं गोलकीपर झालं. गावोगाव सांगत फिरलात. नाही. ज्याचा गुडघा तुम्ही फोडला, तो एसटीचे धक्के खात, पाय लांब करून, तुमच्या पोराला पुढं कसं यायचं ते शिकवत होता.

मला उस्मानचाही राग आला. पुन्हा आत जाऊन, कबरीपाशी उभा राहून मनात शिव्या दिल्या. मला का नाही सांगितलंस? मी जाऊ दिलं नसतं, म्हणूनच ना? त्यानं माफ केलं असेल. माफी त्याची, त्याला शोभली. मी माफ केलेलं नाही.

मी वसंताला विचारलं, "गुडघ्याचं काय सांगितलं होतं तुला?" म्हणाला, "पायरीवरून पडलो म्हणले." मग मी सगळं सांगितलं. त्यानं चप्पल घातली आणि तो गेला. रात्रभर मला झोप नाही. वाटलं, लेकराचं मन मोडलं, आता हॉकी सोडून देतो की काय, उस्मान वरून मला शिव्या घालत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात हजर. म्हणाला, "काका, रविवारी मला गोलात उभं राहायचंय."

रविवारचं तुम्हाला माहीत आहे. उस्मानच्या नावानं आपली आणि कळमनुरीची मॅच आहे, परवा कबरस्तानातच ठरली. आपल्या नव्या पोरांना जुनं ठाऊक नाही. त्यांनी तिथंच दिगंबररावांना प्रमुख पाहुणे केलं, लगोलग पत्रिका छापून वाटल्या. पोरांचा दोष नाही. आपल्याकडची रीत आहे, पाहुण्यानं उद्घाटनाचा चेंडू रिकाम्या गोलात मारायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. परवापासून मला वाटत होतं, पत्रिका फाडाव्यात. मैदानात आडवं पडावं. आता नाही वाटत. दिगंबरराव, तुम्ही या. हार घालून या, फेटा बांधून या.

फक्त गोल रिकामा नसेल.

गोलात वसंता असेल. उस्मानचे पॅड घालून. भाभींनी द्यायचं कबूल केलंय. ही माझी मागणी नाही, पोरानं स्वतः सांगितलं. म्हणाला, "काका, उस्ताद बसले होते तसाच बसतो. एक गुडघा टेकून, पट्टा सोडून." मी म्हणालो, "अरे, लागंल." तर म्हणतो, "लागू द्या. मला बी पाह्यचंय."

तुमच्यासमोर चेंडू ठेवला जाईल. तुम्ही स्टिक उचलाल. आणि मी शिट्टी वाजवीन. माझ्या छातीत दम राहिलेला नाही, डॉक्टरनं जोर करू नको म्हणून सांगितलंय, तरी वाजवीन. सगळ्या मैदानाला ऐकू येईल अशी.

ती तुम्हाला ऐकू येते का, एवढंच मला बघायचंय.

थांबलात, तर सगळ्या लोकांना कळेल की तुमचे कान चांगले आहेत. तेव्हाही चांगले होते. नाही थांबलात, तर समोर कोण बसलंय ते तुम्ही जाणा. तिसरी वाट नाही. दोन्ही दोर तुमच्या खांद्यांना लागलेत.

बोलायचं नाही, दिगंबरराव. आज नाही. तुमचं बोलणं रविवारी, मैदानात.

मंडळी, मी फार बोललो का? चुकलं असेल तर मला घरी येऊन शिव्या द्या, इथं नको. उस्मानसाठी आता दोन मिनिटं उभं राहू. म्हाताऱ्यांना धरून उठवा. ज्यांना उठवत नाही त्यांनी बसूनच त्याची आठवण काढा. तो बसणाऱ्यांवर कधी रागावला नाही.

दिगंबरराव, तुमचे गुडघे शाबूत आहेत. उठा.