एकेचाळीस बरण्यांचं वाण

सुहासिनी : बरणीच्या आतली चकाकी बरोबर लोणच्याच्या पातळीपर्यंतच उडाली आहे. वर आहे तशीच. मधली रेषा किती सरळ आहे बघ.

समृद्धी : आई, रेषा राहू दे. हा रिपोर्ट तुझ्याच लॅबचा ना? शिसं, मर्यादेच्या अकरा पट. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

सुहासिनी : एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून दुसरी बरणी तपासली.

समृद्धी : मग?

सुहासिनी : साडेअकरा पट.

समृद्धी : भारी. आणि ह्या तू संक्रांतीला वाण म्हणून वाटलेल्यास. चाळीस.

सुहासिनी : एकेचाळीस. वॉचमनच्या बायकोलाही दिली.

समृद्धी : वर भाषण. प्लास्टिकमध्ये आंबट ठेवू नका, विष उतरतं.

सुहासिनी : वीस मिनिटं बोलले. बायका हळदीकुंकवाला आलेल्या, बिचाऱ्या ऐकत बसल्या.

समृद्धी : घोडबंदर रोडवरच्या चिनी मातीच्या स्टॉलवरून घेतलेल्यास ना? काहीच लिहिलं नव्हतं त्यांच्यावर?

सुहासिनी : बुडाला बारीक चिठ्ठी होती. ‘फक्त शोभेसाठी.’ परवा खरवडल्यावर दिसली.

समृद्धी : खरवडलंस काय?

सुहासिनी : माझ्या नावाचा स्टिकर. मीच चिकटवलेला, अगदी मधोमध. आणि कंपन्यांना पत्रं कोण लिहितं? मी. लेबल झाकू नका म्हणून.

समृद्धी : यार आई, मला हसू येतंय आणि यायला नको. समोरच्या सरोजकाकूंची संचिता माहेरी आलीये. सातवा महिना. काल त्या बरणीतलं लिंबाचं लोणचं नुसतं चाटत बसलेली.

सुहासिनी : रोज खाते?

समृद्धी : दोन्ही वेळा. काकू म्हणतात, सुहासिनीने दिलीये ना, मग बघायलाच नको.

सुहासिनी : शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं. हे मी दरवर्षी लॅबमधल्या नव्या मुलांना शिकवते. मला वाटलं, तिसऱ्या बरणीचा रिपोर्ट येऊ दे.

समृद्धी : तो कधी येणार?

सुहासिनी : सोमवारी आला.

समृद्धी : मग ग्रुपवर टाकू? ‘बरण्या बदलून मिळतील, परत करा.’ बाकी काही नको. तुझं नावही राहील.

सुहासिनी : तसे तीन मसुदे आहेत माझ्या फोनमध्ये. एकात तर सगळा दोष विकणाऱ्याचा आहे. छान जमलाय तो.

समृद्धी : मग पाठव.

सुहासिनी : नको. ग्रुपवर नंतर. आधी समोर जाते. संचिताचं रक्त उद्याच तपासायला हवं. आणि सरोजला सांगते, बरणीत शिसं आहे, आणि मला ते तीन आठवड्यांपासून माहीत आहे.